दहावं नाव

नऊ नऊ पाच. ॲम्ब्युलन्सचा नंबर, एवढे तीनच आकडे, आणि माझ्या बोटाला ते सापडंनात. फोनवर घामाचं पाणी, बोट ठेवलं की भलतंच काहीतरी उघडायचं, एकदा कॅल्क्युलेटर उघडला, एकदा माझ्या पोरीचं, ओवीचं, कार्टून सुरू झालं आणि त्यातला ससा मोठ्यानं गायला लागला. समोर गोलच्या खांबाला टेकून पूर्वा बसलेली, म्हणजे बसलेली पण नाही, घसरत चाललेली, आणि तिचा चेहरा भिजवलेल्या पोह्यासारखा पांढरा. ओठसुद्धा पांढरे. चेंडू तिच्यापासून लांब होता. मॅच चालू होती, पलीकडच्या बायका बॉल घेऊन आमच्या अंगावर येत होत्या, आणि ती खाली बसली तेव्हा मला वाटलं बुटाची नाडी बांधतीय, म्हणून मी ओरडले, "पूर्वा, ऊठ! पुढं ये!" मी तिला ऊठ म्हणून ओरडले, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं सांगायचं राहून जाईल. मग ती उठली नाही आणि सगळं थांबलं, आणि टीम काढणाऱ्या मेघनाताईंनी माझ्या हातातला फोन हिसकावून घेतला आणि त्यांच्या ऑफिसच्या इंग्लिशमध्ये, न घाबरता, पत्ता सांगितला. मी पूर्वाचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे हात बर्फासारखे, त्या उन्हात. ती म्हणाली, "सारू, पोटात फाटल्यासारखं झालं." आणि मग अगदी हळू, "काकूंना नको." काकू म्हणजे तिची सासू, ती कुंपणाच्या पलीकडं माझ्या ओवीचा हात धरून उभी होती.

कुणाला नको, काय नको, ते फक्त मला माहीत होतं. तिथं जमलेल्या सगळ्या बायकांत फक्त मला.

पण हे असं मधनंच कळायचं नाही. मी कोल्हापूरची. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत, हे तिकडच्यांना सांगायला लागत नाही आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. माझा चुलता, आप्पा, तालमीच्या टीमला हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचा, आणि मॅच हरली की आमच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, कुकरची शिट्टीसुद्धा आई हातानं दाबून धरायची. बोळात पोरं खेळायची त्यात मी एकटी पोरगी, परकराचा ओचा खोचून. नववीत आई अंथरुणाला लागली आणि माझी शाळा सुटली, पण बोळातला खेळ नाही सुटला, तो लग्नापर्यंत चालला. आमच्या बोळात कॅप्टन कोण हे भांडून नाही ठरायचं. जो दारोदार फिरून पोरं गोळा करून आणंल तो कॅप्टन. आणि आप्पा म्हणायचा, ज्याला तू घरातनं बोलावून आणलंस त्याला घरात नेऊन सोडायचं, पाय मोडला तर पाठीवर घालून न्यायचं, त्याच्या आईच्या शिव्या तू खायच्या. मी खाल्ल्यात तशा शिव्या. एकदा शेजारच्या पोराचा दात पडला तर त्याच्या आईनं मला त्यांच्या दारात तासभर उभं केलं होतं.

मग लग्न झालं आणि मी विसाव्या वर्षी सिंगापूरला आले. आमचे हे जुरोंग आयलंडवर सुपरवायझर, आणि घर पुंगोलला, म्हणजे बेटाच्या ह्या टोकाला घर आणि त्या टोकाला काम. सकाळी साडेपाचला कंपनीची बस, त्याच्या आधी मी उठून भाकरी थापायची, तर वरच्या मजल्यावरची म्हातारी काठी आपटायची, थापण्याचा आवाज जातो म्हणून. मग मी पोळ्याच लाटायला लागले. दिवसभर खिडकीतनं एलआरटीचा, म्हणजे पुलावरनं धावणाऱ्या छोट्या ट्रेनचा आवाज, दर थोड्या वेळानं सुंऽऽ करून जायची, रिकामीच जायची कितीतरी वेळा, आणि मी ओवीला कडेवर घेऊन बघत बसायची. ओवी बोलायला लागली ती इंग्लिशमध्ये. मी रागावले की म्हणायची, "आई, डोन्ट शाउट लाह." मला तर शाळेच्या चिठ्ठीतलं काय कळायचं नाही. कुठं सही मारायची तेवढं ह्यांना विचारून ठेवायची. तीन वर्षं मी त्या घरात अशी होते, बोलायची ती फक्त फोनवर, आईशी.

मेघनाताई मला भाजीच्या दुकानात भेटल्या. पुण्याच्या, चांगी बिझनेस पार्कला बँकेत मोठ्या हुद्द्यावर, इथं कायमच्याच झालेल्या. त्यांनी मराठी बायकांची फुटबॉलची टीम काढली होती, वजन कमी करायला म्हणून. पहिल्या रविवारी मी गेले तर सगळ्या बायका चेंडू आला की किंचाळून बाजूला व्हायच्या. मी चपला काढल्या आणि बोळातल्यासारखा एक बॉल मारला. मेघनाताई म्हणाल्या, "अगं बाई, हे काय होतं?" घरी येऊन मी ह्यांना सांगितलं तर हे जेवता जेवता म्हणाले, "खेळ की. पर शिव्या देऊ नगंस, पुण्याच्या हाईत त्या." किती दिवसांनी मी हसले होते.

वर्षभर चांगलं चाललं. चौदाजणी होतो. मग एका मागोमाग एक कंपन्यांनी माणसं कमी केली, आणि इथं नोकरी गेली की राहायचा पास जातो आणि पास गेला की महिन्याभरात घर गुंडाळून जायचं. दर रविवारी एक बाई कमी. कुणी सांगून जायची, कुणी ग्रुपवर नुसतं हात जोडलेलं चित्र टाकायची. उरलो सहा. त्यात बायकांच्या स्पर्धेची तारीख आली. मैदानात सातजणी लागतात आणि यादीत दहा नावं, दहाला एक कमी असलं तरी यादी घेत नाहीत. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत आम्ही दगडी टेबलाभोवती बसलो, मी थालीपिठं नेली होती, आणि मेघनाताई म्हणाल्या, "माझा गुडघा गेलाय, मी पळू शकत नाही. कागदावरची कॅप्टन मी राहते, फॉर्म, मेल, भांडणं सगळं माझं. मैदानावरची कॅप्टन सारिका." एक बाई म्हणाली, "अहो, पण तिला रेफरीशी बोलता येणार आहे का?" मेघनाताई म्हणाल्या, "तुम्हाला बॉलशी बोलता येतं का?" सगळ्या हसल्या. मी मान खाली घातली, पण आत माझं काळीज असं फुगलं होतं काय सांगू. नववी नापास सुद्धा नाही, नववी अर्धीच, आणि इंजिनिअर बायकांची कॅप्टन. आज वाटतं की त्या फुगण्यातच सगळं होतं. मला ते सोडवंना.

मग मी माणसं शोधायला निघाले. दुसऱ्या टीमवाल्या मेसेज टाकायच्या, मला इंग्लिशमध्ये लिहिताच येत नव्हतं तर मी बघत फिरायची. एलआरटीच्या जिन्यावर कोण कशी चढते. बालवाडीच्या गेटला पळणाऱ्या पोराला कोण दोन ढांगांत धरते. देवळात एकजण प्रसादाच्या रांगेत अशी आत घुसली कोपर मारून, की मी तिच्या मागं गेले आणि म्हणाले, "ताई, डिफेन्सला याल का?" ती आधी चिडली आणि मग आली. अशा तीन मिळवल्या. नऊ झाल्या.

दहावी पूर्वा. ती आमच्याच शेजारच्या ब्लॉकमधली, नाशिकची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, शिकलेली, नवरा निखिल आयटीत. मी तिला खाली बघितली, कुणाचातरी बॉल उडत आला, तिनं हातातली दुधाची पिशवी ह्या काखेतनं त्या काखेत घेतली आणि बॉल एका हातानं वरच्यावर झेलला. मी तिथंच विचारलं. ती म्हणाली, "घरी विचारावं लागेल." तिला आधीच्या वर्षी दिवस गेले होते आणि ते टिकले नव्हते, आणि त्यानंतर सासूनं तिला चार महिने खालीसुद्धा उतरू दिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. काकूंकडं मी स्वतः गेले. सोफ्याच्या कडेला बसले. काकू म्हणाल्या, "पोरगी नुसती बसून जड झालीय, जाऊ दे, अंग मोकळं होईल. पण तिला काही झालं तर तू बघायचंस." मी म्हणाले, "काकू, मी न्यायची आणि मीच आणून सोडायची." काकूंनी माझ्या हातावर रव्याचा लाडू ठेवला.

पूर्वाला मी गोलमध्ये घेतली. दोन महिन्यांत ती अशी तयार झाली की बॉल मारणारीच घाबरायची. रविवारी खेळून झालं की आम्ही दोघी हॉकर सेंटरमध्ये, खायच्या गाळ्यांच्या बाजारात, बसून बर्फ घातलेला उसाचा रस प्यायचो, आणि ती म्हणायची, "सारू, आठवड्यातला हा एकच तास माझा आहे गं. बाकी सगळे काकूंचे आणि निखिलचे." मी इथं आल्यापासून मला मैत्रीण अशी नव्हती. तीच.

स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी, लिफ्टपाशी, तिनं मला सांगितलं. आजूबाजूला बघून सांगितलं. "दिवस गेलेत. सव्वा महिना झालाय. घरी टेस्ट केली. कुणाला बोलू नकोस, निखिलला पण नाही सांगितलंय." मी म्हणाले, "अगं नवऱ्याला तरी!" तर म्हणाली, "त्याला सांगितलं की त्याच्या आईला कळणार, आणि मग मी कोंडले जाणार. मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं आणि काय झालं? तीन महिने होईपर्यंत बोलायचंच नाही ह्या वेळी. डॉक्टरकडे पण तेव्हाच." आपल्यात तीन महिने बोलत नाहीत, मीही ओवीच्या वेळी नव्हतं सांगितलं, माझ्या आईलासुद्धा नव्हतं, दृष्ट लागते म्हणून. त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मी म्हणाले, "मग खेळणं?" ती म्हणाली, "गोलमध्ये कुठं पळायचं असतं? नुसतं उभं तर राहायचं. ही स्पर्धा होऊ दे, मग बंद." आणि मी काय केलं, मी मनात यादी मोजली. दहातली एक गेली तर नऊ. मी म्हणाले, "बरं. पण उड्या मारायच्या नाहीत."

खरं सांगते, मी एक पोर जन्माला घातलेली बाई होते. मला कळायला हवं होतं. आणि कळत नव्हतं असंही नाही.

शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मी पीठ मळत होते, फोन खांद्यात धरला. "सारू, पोटात एका बाजूला दुखतंय. कालपासून. थोडा डाग पण दिसला." त्याच दुपारी ग्रुपवर एकीनं टाकलं होतं की तिच्या पोराला हँड-फूट-माउथ, ते हातापायाला फोड येतात ते, झालंय, ती येत नाही, आणि दुसरीच्या घरी अचानक पाहुणे, आणि मेघनाताई तर पळू शकतच नव्हत्या, त्यांचं नाव नुसतं यादीपुरतं. म्हणजे उरलो बरोबर सात. पूर्वा नाही म्हणजे सहा, सहा म्हणजे न खेळताच हरलो. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यातनं गेलं. मी म्हणाले, "डाग होतो कधीकधी. मला पण झाला होता. गॅस असंल, ओव्याचं पाणी घे. उद्या नुसती उभी राहा, मी तुझ्यापर्यंत बॉलच येऊ देत नाही." ती म्हणाली, "नक्की ना?" मी म्हणाले, "नक्की." मला झाला होता डाग, हे खोटं होतं. मला काहीच झालं नव्हतं. ओवीच्या वेळी मी नवव्या महिन्यापर्यंत दोरीवर कपडे वाळत घातलेत.

रविवारी सकाळी ती आली ती खांदा चोळतच आली. "खांदा पण अवघडलाय," म्हणाली. मी तिला बाम लावून दिला. पुढं हॉस्पिटलमध्ये डॉक्टरनं विचारलं, हिचा खांदा दुखत होता का. आत रक्त साठलं की खांदा दुखतो म्हणे. आणि मी वरनं बाम लावत होते.

पहिल्या हाफमध्ये एक बाई तिच्यावर जरा आपटली. जोरात नाही. पूर्वानं हात वर करून दाखवला, ठीक आहे. मी माझा शब्द पाळत होते, तिच्यापर्यंत बॉल जाऊ देत नव्हते, माझी फुप्फुसं फाटायला आली होती. आणि मग ती खाली बसली.

ॲम्ब्युलन्समधनं दोघं उतरले, एक पोरगा आणि एक पोरगी, पोरगी डोक्याला स्कार्फ बांधलेली मलय, माझ्याच वयाची. तिनं पूर्वाचा हात धरला, मशीन लावलं, मशीनकडं बघून तिचा चेहरा बदलला. तिनं वर बघून विचारलं, "शी प्रेग्नंट ऑर नॉट? एनी चान्स?" काकू तोवर आत आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "नो, नो. नॉट प्रेग्नंट." पोरगीनं मान हलवली आणि पिशवीतनं दुसरंच काहीतरी काढायला लागली. पूर्वाचे डोळे मिटलेले. तिनं मला सांगितलं होतं काकूंना नको. मी शपथ घेतली होती तिच्यापुढं, लिफ्टपाशी, गळ्याला हात लावून. आणि मी गप्प बसले. किती वेळ बसले ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे बांधले, चाकं फिरली, तोवर मी गप्पच. चाकं गेटच्या उंबऱ्यावर अडली आणि तिचं डोकं एका बाजूला कलंडलं तसं माझ्या तोंडातनं बाहेर पडलं, "येस! बेबी! टू मंथ!" ती मलय पोरगी वळली. "यू शुअर?" मी म्हणाले, "शुअर, शुअर!" मग तिनं फोन लावला आणि भराभर काहीतरी सांगितलं, आणि ॲम्ब्युलन्स आवाज करत निघाली. काकू माझ्याकडं बघत होत्या. ओवीचा हात त्यांनी सोडला होता.

गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोट उघडून नळी काढून टाकायला लागली. बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टर निखिल भाऊजींना म्हणाले की खेळामुळं नाही झालं, स्वयंपाकघरात उभी असती तरी फुटलीच असती, फक्त दुखायला लागल्याबरोबर आली असती तर इतकं झालं नसतं. हे मेघनाताईंनी मला मराठीत सांगितलं. पहिलं वाक्य टीममध्ये सगळ्यांनी लक्षात ठेवलं. दुसरं माझ्याजवळ राहिलं.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, मुगाची खिचडी. काकू पाणी आणायला बाहेर गेल्या तसं पूर्वानं माझं मनगट धरलं आणि एका दमात म्हणाली, "मी सांगितलंय की तुला पडल्यावर सांगितलं. मांडीवर डोकं होतं तेव्हा. त्याच्या आधी तुला काही माहीत नव्हतं. तू पण तेच सांग." मी म्हणाले, "पूर्वा, शनिवारचा फोन..." ती म्हणाली, "कुठला फोन?" आणि भिंतीकडं तोंड केलं. ती मला वाचवत होती की माझ्याशी संबंध तोडत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

सगळ्या टीममध्ये माझं कौतुक झालं. सारिकानं वेळेवर तोंड उघडलं म्हणून वाचली. मेघनाताई म्हणाल्या, "एवढ्या घाईत तुला सुचलं, धन्य आहे तुझी." मी हो म्हणाले नाही आणि नाही पण म्हणाले नाही. दोन आठवड्यांनी परत दगडी टेबलाभोवती बसलो, नवीन यादी करायची म्हणून, आणि कॅप्टनचं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही, मेघनाताईंनी सरळ माझं लिहून टाकलं. गोलकीपरपुढं रेघ मारून ठेवली. मला म्हणाल्या, "शोध आता एखादी."

तिकडं पूर्वाच्या घरात सगळं तिच्यावर आलं होतं. नवऱ्यापासून लपवलं, सासूला फसवलं, स्वतःचं पोर खेळापायी घालवलं. डॉक्टरनं काय सांगितलं ते काकूंच्या कानात शिरलंच नाही. भिंत पातळ, पण तिच्या घरातनं मोठा आवाज कधीच आला नाही असं त्यांच्या शेजारची सांगायची, नुसती भांडी ठेवल्याचा आवाज. मग कळलं की तिला नाशिकला पाठवतायत. किती दिवसांसाठी ते कुणी सांगंना.

ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी सकाळी मी ओवीला बालवाडीत सोडून येत होते. ब्लॉकखाली टॅक्सी उभी, डिकी उघडी. पूर्वा मागच्या सीटवर बसलेली, काच खाली. निखिल भाऊजी बॅग ठेवून वळले आणि त्यांना मी दिसले. साधा माणूस, कधी मोठ्यानं बोलणार नाही. दाढी वाढलेली. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, एकच विचारतो, खरं सांगा. ती तुम्हाला आधी काही बोलली होती? दुखतंय वगैरे?"

पूर्वा खिडकीतनं बघत होती. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सांगितलं नाही. नुसती बघत होती.

मी म्हणाले, "नाही भाऊजी."

ते म्हणाले, "मला वाटलंच. बोलली असती तर तुम्ही तिला उभीच केली नसती. तुम्ही आई आहात, तुम्हाला कळलं असतं." आणि त्यांनी मला हात जोडले. माझ्यापुढं. मग टॅक्सीत बसले आणि काच वर गेली.

ह्याला आता पाच वर्षं झाली. ती परत आली नाही. निखिल भाऊजींनी घर बदललं. पूर्वाचा नंबर लागतो, पण ती उचलत नाही. मी ह्यांना सुद्धा शनिवारचा फोन सांगितलेला नाही, हे पहिल्यांदाच सांगतीय. कधी वाटतं, हो म्हणाले असते तर निदान अर्धा दोष माझ्याकडं आला असता आणि तिचा संसार राहिला असता. कधी वाटतं, हो म्हणाले असते तर ती खोटं बोलली हे अजून एक तिच्या नावावर चढलं असतं, आणि तिनंच तर मला तसं सांगायला लावलं होतं. आणि कधी वाटतं ह्यातलं काहीच नाही, मी नुसती घाबरले होते, की हा माणूस परत माझ्याशी बोलणार नाही आणि यादीतनं माझं नाव जाईल. तुम्हाला पोरंबाळं असतील, मैत्रिणी असतील. त्या टॅक्सीपाशी, ती तशी बघत असताना, तुम्ही असता तर काय म्हणाला असता?